धारण तलाव

मेल आला तेव्हा बाबा मार्केटातून यायचे होते.
'नाही' लिहिलं नव्हतं. 'हो' तर नव्हतंच.
'आपल्या अर्जाचा निर्णय पुढील फेरीपर्यंत
राखून ठेवण्यात येत आहे.'
राखून, म्हणजे कसं?
पाहुण्यांसाठी बासुंदीची वाटी राखतात तसं,
की उरलेली भाकरी, बघू संध्याकाळी, तसं?

आई म्हणाली, लागला का गं नंबर?
लागला पण नाही, गेला पण नाही.
म्हणजे स्थळासारखं, ती म्हणाली,
पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून गेलेत.
आणि कुकरखालचा गॅस बारीक केला.

तीन दिवस मी उशीत तोंड घालून होते.
चौथ्या दिवशी वाशीच्या क्लासात
बिजू सरांनी फळा पुसता पुसता थांबवलं.
'रडून झाला? आता काम.
पत्र लिही. एकच. दर सोमवारी नाही.
अर्जानंतर नवीन काय केला ते सांग,
सहामाहीचा मार्क जोड.
शिफारस मी देतो, मी तुला ओळखतो,
मोठा माणूस शोधू नको.
आणि दुसरीकडे पण फॉर्म भर.
एकाच दारात झोपायचा नाही.'

नवीन काय केलं?

पहिला मसुदा: मला लहानपणापासून पाण्याची ओढ आहे.
खोटं. मला पाण्याची भीती वाटायची.
दुसऱ्यात नेतृत्वगुण आले.
मंडळाच्या रांगेत दोरी धरून उभी होते, तेवढेच.
तिसऱ्यात बाबांची पाठ घातली,
तीस वर्षांच्या गोण्या, मणक्यातली फट.
दोन ओळी फार चांगल्या झाल्या.
त्याच आधी खोडल्या.
दुखणं त्यांचं होतं.

फेब्रुवारीत देवगडची पहिली आवक झाली.
बाबा पहाटे आले, हाताला पेंढ्याचा वास,
मसुद्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचत गेले.
'प्रांजल, वरच्या थराला निवडक फळ लावणारे
रोज येतात. जुना व्यापारी वर बघतच नाही,
सरळ खाली हात घालतो.
तुझ्या खाली काय आहे?'

खाली एक वही होती.

कोपरखैरण्याच्या धारण तलावात
मी बांबू रोवलाय, ऑइलपेंटच्या खुणांचा.
भरतीला खाडीकडची झाकणं आपसूक मिटतात,
गावाचं पाणी इथे थांबतं,
ओहोटी लागली की वाट मिळते.
असं असायला हवं.
पण डिसेंबरात, आभाळ कोरडं असताना,
भरतीला तलाव वीतभर चढत होता.
एक झाकण नीट बसत नाही.
गाळ असेल, थर्माकोल असेल, ठाऊक नाही.
एकसष्ट नोंदी. अकरा चुकल्या,
चार परीक्षेमुळे, सात आळसामुळे.
एकदा बांबूच कोणीतरी नेला.
प्रभाग कार्यालयाला अर्ज दिला, आवक क्रमांकासह.
उत्तर आलं: प्रकरण विचाराधीन आहे.

वाचून मी एकटीच हसले, मोठ्यांदा.

हे सगळं लिहिलं. आळसाचे सात दिवसही.
शेवटी एक ओळ:
घेतलंत तर मी नक्की येईन.
ही ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.
मग पुणे, नागपूर, आणि ऐरोलीचं ते कॉलेज,
जिथून जेवायला घरी येता येईल,
तिन्हीकडे फी भरली, पावत्या डब्यात ठेवल्या.

आता मार्च लागलाय. मेल दिवसातून दोनदाच बघते,
म्हणजे पाच वेळा.
बाबा त्याबद्दल काही विचारत नाहीत.
जेवताना एवढंच,
'बसवलं का गं झाकण त्यांनी?'
अजून नाही.
ते पाठ भिंतीला लावून बसतात,
मी कॅलेंडरवर उद्याच्या भरतीची वेळ लिहिते,
पाच चाळीस,
आणि गजर त्याआधी वीस मिनिटं.